गोव्यात कायमचं यायचं ठरवताय? वही, मुक्काम की प्रसाद

पुण्या-मुंबईची नोकरी सोडून गोव्यातल्या मूळ घरी परतायचं म्हणणारी माणसं फोंड्याच्या बाजूला दर मे महिन्यात भेटतात. पैशांचं गणित बहुतेकांनी मांडलेलं असतं. मनाच्या तयारीचं विचारलं की तीन तऱ्हा दिसतात: कुणी वही घेऊन बसतं, कुणी महिनाभर येऊन राहतं, कुणी कुलदेवतेला प्रसाद लावतं, म्हणजे कौल मागतं. तिन्ही मी जवळून पाहिल्या आहेत आणि तिन्हींना माझ्या लेखी सारखी किंमत नाही.

आधी हा बदल केवढा आहे ते बघू. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या 43 घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला 100, लग्नाला 50, घर बदलण्याला अवघे 20. पण गोव्याला येणारा माणूस नुसतं घर बदलत नाही. कामाचं क्षेत्र बदललं तर 36, राहणीमान बदललं की 25, मुलांची शाळा बदलली की 20. बेरीज होते 101. हे आकडे शब्दशः घेऊ नयेत, पण ‘फक्त शिफ्ट तर व्हायचंय’ म्हणणाऱ्याला ते जरूर दाखवावेत.

राहून बघणं

माझं पहिलं मत याला, मात्र ऋतू बघून. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन या संशोधकांनी 1998 मध्ये कॅलिफोर्नियातल्या आणि अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, की तुमच्यासारखा माणूस कुठे जास्त सुखी असेल? दोन्हीकडच्यांनी कॅलिफोर्निया सांगितलं. प्रत्यक्षात स्वतःच्या आयुष्याबद्दलचं समाधान दोन्हीकडे सारखंच निघालं. तुलना करताना डोळ्यांपुढे हवामान येतं आणि रोजचा दिवस जातो भलत्याच गोष्टींत. कॅलिफोर्नियाच्या जागी गोवा घालून बघा.

डिसेंबरात येऊन गोवा जोखणं म्हणजे पंगतीवरून संसार जोखणं. जुलैमध्ये या. ट्रॉलरची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, त्यामुळे ताजी मासळी कमी आणि महाग. शेजारच्या घरांनी मे महिन्यातच सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी), सोलं (आमसुलं) भरून ठेवलेली असतात. तुमच्याकडे यातलं काहीच नसतं. चपलांना बुरशी येते. कपाटातली रेशमी साडी आठवड्यातून एकदा बाहेर काढली नाही, तर तिलाही. वीज जाते ती नेमकी तुमच्या ऑनलाइन मीटिंगला. रात्री गावची बस मिळेलच असं नाही. आणि दुपारी दोन वाजता बाजार असा बंद होतो, की मुंबईकराला हरताळच वाटावा.

यातलं काहीच भयंकर नाही. महिनाभरात बऱ्याच जणांना कळतं की बुरशीशी आपलं जमतं, पण संध्याकाळी बोलायला माणूस नसणं जमत नाही. हे कुठल्याही यादीत आधी सुचत नाही.

मर्यादा एकच, पण मोठी. महिनाभर राहणारा पाहुणाच असतो. परत जायची तारीख ठाऊक असली की माणूस सगळं हसून घेतो.

वही

फायदे-तोट्यांची दोन रकान्यांची यादी मला फारशी उपयोगाची वाटत नाही. ज्याला यायचंच आहे तो फायद्यांच्या बाजूला ‘शुद्ध हवा’ आणि ‘प्रदूषण नाही’ असे दोन वेगळे मुद्दे लिहितो. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी 2007 मध्ये लिहिलेली रीत चांगली. ती कंपन्यांच्या प्रकल्पांसाठी होती, घरालाही चालते. वर्ष उलटलंय आणि आपला बेत पुरता फसलाय, असं धरून चालायचं. मग प्रत्येकाने, दुसऱ्याचं न बघता, का फसला ते लिहायचं.

ओळखीच्या एका ठाणेकर जोडप्याने हे केलं. त्याच्या कागदावर होतं: ‘फ्लॅट विकल्याचा पश्चात्ताप. क्लायंट तुटले.’ तिच्या कागदावर पहिली ओळ होती: ‘आईंच्या स्वयंपाकघरात माझा मसाल्याचा डबा कुठे ठेवायचा, हे कुणीच ठरवलं नव्हतं.’ पुढचे चार दिवस त्यांच्यात बोलणं झालं ते या डब्यावरून, फ्लॅटचा विषय नंतर आला. राहून बघताना हे निघालं नसतं. महिनाभरासाठी आलेली सून स्वतःचा डबा मांडतच नाही.

मूळ घरी परतणाऱ्याने वहीसोबत फॉर्म 1 आणि 14 चा, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्याचा, उताराही काढावा. ज्याला आपण ‘आमचं घर’ म्हणतो, त्या जागेवर आजोबांचं नाव असतं आणि हक्कदार मुंबईपासून लिस्बनपर्यंत पसरलेले असतात. गोव्याच्या कायद्यात मुलांना वारसाहक्कातून सहज वगळता येत नाही, आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक धरली जाते. म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा बदलायलाही चुलतभावाचं तोंड बघावं लागेल का, याचा विचार आधीच झालेला बरा. कोर्टातली वाटणी पुढे होईल तेव्हा होईल.

प्रसाद

देवासमोर गाऱ्हाणं घालायचं, मूर्तीवर पाकळ्या लावायच्या आणि उजवी आधी पडते की डावी ते बघायचं; उजवी म्हणजे होकार, डावी म्हणजे नकार. यावर हसणारे आहेत, मी त्यांच्यातला नाही. प्रसाद लावायचा तर प्रश्न एका वाक्यात मांडावा लागतो, तोही घरच्यांच्या देखत. महिनोन्‌महिने ‘बघू या’ म्हणणारं कुटुंब तिथे नेमकं बोलतं. डावी पाकळी पडल्यावर जीव भांड्यात पडला, तर तेही कळतं. पण बुरशी, डबा, उतारा यांची उत्तरं देवीकडे मागू नयेत. ती ज्याची त्याने शोधावी.

कुणी काय करावं

फ्लॅट भाड्याने देऊन, नोकरीत बिनपगारी रजा टाकून येता येत असेल, तर वहीत फार वेळ घालवू नका, जुलैमध्ये येऊन राहा. परत जायची वाट उघडी असली की अनुभव पुरतो. घर विकूनच यायचं असेल किंवा मुलाची दहावी तोंडावर असेल, तर आधी वही, तीही घरातल्या प्रत्येकाची वेगळी, मुलाचीसुद्धा. त्याला मैदानावर कोंकणी लागणार आहे, आणि मराठी घरातलं मूल ती पटकन उचलतं हे खरं असलं, तरी पहिले दोन महिने त्याची टिंगल होणार हेही खरं. आईवडील थकलेत म्हणून यावंच लागणार असेल, तर ‘यायचं का’ हा प्रश्न सोडून द्या आणि ‘आल्यावर कोण काय करणार’ एवढंच लिहा.

आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दिवसांत काहीच ठरवू नका. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली, घर भरलेलं, पंचवीस माणसं पानावर, तेव्हा कुणालाही परतावंसं वाटतं. ती मंडळी गाड्या काढून गेली की त्याच घरात आठ दिवस राहा आणि मग बोला.