मोन्ची की चीकी: खेळ थांबल्यावर क्लबच्या कचेरीत जाणाऱ्यांसाठी

बूट काढून ठेवले, पण क्लब सोडवत नाही आणि प्रशिक्षक व्हायचं मनात नाही. मग उरतं स्पोर्टिंग डायरेक्टरचं काम: कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं, संघ कोणाच्या हाती द्यायचा. या कामात स्पेनचे दोन माजी खेळाडू माझ्या मते सगळ्यांत अभ्यासण्याजोगे आहेत. सेव्हिया क्लबचा माजी डायरेक्टर मोन्ची, आणि आधी बार्सिलोना, मग मँचेस्टर सिटी घडवणारा चीकी बेगिरिस्ताइन. कोणाची वाट धरायची हे ठरवताना त्यांचे करंडक मोजू नका, दोघांना काय हाती मिळालं होतं ते आधी बघा.

मोन्ची म्हणजे रामोन रॉद्रिगेस व्हेर्देहो, काडिसजवळच्या सान फर्नांदोचा. सेव्हियात तो गोलरक्षक होता, पण बराच काळ राखीवच. 1999 मध्ये खेळ थांबवला आणि 2000 मध्ये डायरेक्टरची खुर्ची मिळाली तेव्हा क्लब दुसऱ्या विभागात घसरलेला, वर कर्जाचा डोंगर. विकत घ्यायला पैसे नाहीत म्हटल्यावर त्याने बघायलाच सुरुवात केली. हंगामाच्या पहिल्या भागात त्याचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, कोणा एकाच्या मागे लागत नसत. वाटून घेतलेल्या लीगचे सामने बघत आणि त्यातून त्या महिन्याचे उत्तम अकरा जण निवडत. डिसेंबरनंतर यादी आटत जाई. मग उरलेल्यांना घरच्या मैदानावर, बाहेर, वेगवेगळ्या परिस्थितीत पुन्हा पुन्हा पारखायचं. हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण यात पैशापेक्षा चिकाटी जास्त लागते.

दुसरी गोष्ट काळजावर दगड ठेवून करायची: विकणं. घरच्या अकादमीत वाढलेला 19 वर्षांचा सर्हियो रामोस 2005 मध्ये 2 कोटी 70 लाख युरोंना रेआल माद्रिदला गेला. पुढच्याच वर्षी सेव्हियाने यूएफा कप जिंकला, 2007 मध्ये पुन्हा. मोन्चीच्या दोन कारकिर्दींत मिळून युरोपातली ही दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा क्लबने सात वेळा जिंकली, शेवटची 2023 मध्ये.

चीकीची सुरुवातच वेगळी. गिपुस्कोआ प्रांतातला हा बास्क विंगर आधी रेआल सोसिएदादकडून खेळला, मग प्रशिक्षक क्रायफच्या बार्सिलोनात त्याने लागोपाठ चार लीगा आणि 1992 चा युरोपियन कप जिंकला. 2003 मध्ये तो क्लबचे नवे अध्यक्ष लापोर्तांबरोबर कार्यालयात आला तो खेळ कसा असावा हे मनात पक्कं करूनच. 2008 मध्ये प्रशिक्षक निवडायची वेळ आली तेव्हा लिस्बनला जाऊन मोरिन्योंशी बोलणी केली आणि शेवटी निवडला तो राखीव संघ सांभाळणारा ग्वार्दिओला. पहिल्याच हंगामात तीन मोठे करंडक आले. 2012 मध्ये तो मँचेस्टर सिटीत गेला, 2016 मध्ये ग्वार्दिओलाही तिथे आला, आणि 2023 मध्ये पुन्हा तेच तिहेरी यश. अबुधाबीच्या मालकांचा पैसा पाठीशी होता हे खरंच, पण महागड्या मांगालासारखी खरेदी चुकली तरी विचार ढळला नाही.

आता मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. हे दोघे एकाच व्यवहाराच्या दोन टोकांना होते! 2008 मध्ये दानी आल्व्हेस आणि सेदू केता सेव्हियातून बार्सिलोनात गेले, विकणारा मोन्ची, घेणारा चीकी. 2013 मध्ये हेसूस नावास आणि नेग्रेदो सिटीत गेले, तेव्हाही तेच दोघे. नावास पुढे परतला आणि 2020 मध्ये सेव्हियाचा कर्णधार म्हणून त्याने त्याच युरोपीय स्पर्धेचा करंडक उचलला. एकाने ओळखून घडवलं, दुसऱ्याने तयार माणूस घेऊन तो आपल्या घडीत बसवला. कसब दोन्हीकडे आहे, पण ते एकच नाही.

मोन्चीची वाट धरणाऱ्याने इटलीतल्या रोमा क्लबचं प्रकरण जरूर बघावं. 2017 ते मार्च 2019 तो तिथे होता. सालाह आणि आलिसन लिव्हरपूलला गेले, पास्तोरेसारखी खरेदी फसली. एकदा चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठूनही घडी बसली नाही. सेव्हियात त्याला गल्लीबोळ ठाऊक होते, विकण्याचं दुःख लोक त्याच्यावर विश्वास ठेवून सोसत होते. तो विश्वास सामानात बांधून नेता येत नाही. चीकीचं उलट: त्याची माणसंच त्याच्याबरोबर फिरली, बार्सिलोनात आणि मग सिटीत कारभार पाहणारा सोरियानो काय, ग्वार्दिओला काय.

चीकीच्या पद्धतीचा मासला आपल्याकडेही दिसला. मँचेस्टर सिटीची मालक कंपनी सिटी फुटबॉल ग्रुप, तिने 2019 मध्ये मुंबई सिटीत मोठा हिस्सा घेतला, 2020 मध्ये एफसी गोवा घडवलेले प्रशिक्षक सर्हियो लोबेरा आले, आणि त्यांच्यामागून त्यांचेच गोव्यातले खेळाडू फॉल, जाहू, बूमूस, मंदार राव देसाई. 2020-21 ला इंडियन सुपर लीगची साखळीतल्या अव्वल संघाची शील्ड आणि करंडक दोन्ही मुंबईत.

माझं मत विचाराल तर जिल्ह्यातल्या किंवा आय-लीगच्या क्लबात शिरणाऱ्याने मोन्चीच घ्यावा. पण होकार देण्याआधी मालकाला दोन प्रश्न विचारा: खेळाडू विकून आलेला पैसा संघातच परत येणार का, आणि प्रशिक्षक कोण निवडणार?