डिवा की सर्ज एक्सटी?

रामबागेतला भाचा विचारतोय, मामा गणपतीत आरतीमागे पॅड (मागे धरून ठेवलेला लांब, मऊ सूर) हवाय, कोणता सिंथ (कॉम्प्युटरवर आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर वाद्य) घेऊ, डिवा की सर्ज? त्याला सांगतो: दोन्हीत रिव्हर्ब (घुमारा) बंद करून एकच सूर धरून ठेव, फिल्टर (आवाजाची धार कापणारा भाग) हळूहळू खाली आण. डिवाचे फिल्टर जुन्या ॲनालॉग सर्किटांवर बेतलेत, रेझोनन्स (फिल्टर कापतो तिथला जोर) वाढवला तरी आवाज बोचत नाही, साजूक तुपासारखा पसरतो, मला तर फार आवडतो! पण पैसे मोजावे लागतात अन् डिव्हाइन या सर्वांत बारकाईच्या मोडवर प्रोसेसर भरपूर खातो, म्हणून हलक्या ड्राफ्ट मोडवर वाजव, रेंडर (शेवटची ऑडिओ फाइल) डिव्हाइनवर. सर्ज फुकट, 2018 पासून ओपन सोर्स, हलका. सुरुवातीला कोरडा वाटेल, ड्रिफ्ट (सुराचं हलकं डगमगणं) अन् युनिसनचं (एकाच सुराच्या अनेक प्रतींचं) डिट्यून, म्हणजे त्यांच्यातला सुराचा फरक, थोडं वाढव, बराच ऊबदार होतो. मांडवात जुन्या लॅपटॉपवर लाइव्ह वाजवायचं तर सर्जच, घरी निवांत रेकॉर्डिंग करणार असशील तर डिवा.