मामाच्या तंबोऱ्याची जवारी

घरातल्या गेलेल्या माणसाचा तंबोरा दुरुस्त करून घ्यायचा असेल, तर पुण्यात शनिवार पेठेतल्या या काकांकडेच न्या. मी दीड महिन्यापूर्वी नेला, परवा घरी आणला. काल रात्री मामी तासभर त्याच्यासमोर बसून होती.

माझा मामा आर्किटेक्ट. कर्वे रोडवर दोन खोल्यांचं ऑफिस होतं, एका खोलीत ड्रॉइंग बोर्ड आणि दुसरीत हा मिरजेचा तंबोरा. तो गवई नव्हता, मैफलीत कधी गायला नाही. पण रोज सकाळी बोर्डावर ट्रेसिंग पेपर लावायच्या आधी पंधरा मिनिटं तंबोरा छेडत बसायचा. सवाई गंधर्व संगीत महोत्सव रात्रभर चालायचा त्या काळात पहाटेपर्यंत मांडवात बसून सातला थेट स्लॅबच्या कामावर हजर व्हायचा.

साइटवर नव्या खोलीत शिरला की आधी मधोमध उभा राहून एक टाळी वाजवायचा आणि मान कलती करून ऐकायचा. मी बारावीत असताना त्यानं मला साबिनचं सूत्र एका सिमेंटच्या पोत्यावर लिहून दाखवलं होतं: खोलीच्या घनफळाला ०.१६१ नं गुणायचं आणि भिंती, सामान, माणसं मिळून जेवढा आवाज शोषतात त्यानं भागायचं, की आवाज किती सेकंद घुमणार ते कळतं. चार्ल्स कोरियांनी उभारलेलं आयुका, म्हणजे विद्यापीठाच्या आवारातली खगोलशास्त्राची संस्था, बघायला आम्हाला घेऊन गेला, तेव्हा मी कुंडाभोवतीचे आर्यभट, न्यूटन यांचे पुतळे बघत फिरत होते आणि हा पायरीवर बसून हलक्या आवाजात सा लावून बघत होता. मामाची आठवण काढली की मला त्यानं बांधलेली घरं नंतर आठवतात, ती पायरी आधी.

तो गेल्यावर तंबोरा दोन वर्षं गवसणीत राहिला. मग एका दुकानात दिला (नाव लिहीत नाही). त्यांनी अंगभर चकचकीत पॉलिश मारलं, जुनी हाडाची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) काढून प्लास्टिकची बसवली. तार छेडली की डब्यावर चमचा मारल्यासारखं टणटण. मामीनं एकदाच ऐकला आणि गवसणी परत चढवली. जुनी घोडी त्यांनी कागदी पुडीत परत दिली होती, ती मी जपून ठेवली होती, एवढंच नशीब.

काकांनी पहिल्या दिवशी काहीच केलं नाही. तंबोरा आडवा घेतला, भोपळ्यावर बोटानं टकटक केली, खुंट्या फिरवून बघितल्या. मग मोबाइलचा टॉर्च तिरका धरून तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर, वाकले आणि म्हणाले, "ताई, या रेघा कुणाच्या?" मी वाकून बघितलं. पॉलिशच्या खाली, घोडीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना केसासारख्या बारीक पेन्सिलीच्या रेघा, मधल्या रेघेला छोटासा बाण, शेजारी मिलिमीटरचा आकडा. इंग्रजी सातला मधे आडवी रेघ. मामा सात असाच काढायचा, प्रत्येक ड्रॉइंगवर. घोडी कधी हलली तर परत नेमकी तिथेच बसावी म्हणून त्यानं मापं घालून ठेवली होती. तो तंबोरा मी लहानपणापासून बघत आले, या रेघा मला कधी दिसल्या नव्हत्या.

काकांनी सगळं पॉलिश उतरवलं, तेवढी दोन इंच जागा तशीच ठेवली.

जुनी घोडी त्याच रेघांवर बसली. पुढचं काम, म्हणजे जवारी काढणं, मी समोर बसून बघितलं. घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी हलका उतार असतो, आणि थरथरणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते म्हणून स्वर फुलतो. काका कानस दोन-तीनदाच फिरवायचे, तार चढवायचे, ऐकायचे, परत उतरवायचे. एका तारेला पाऊण तास. शेवटी सुताचा दोरा तारेखाली सरकवत नेला आणि एका जागी आवाज एकदम उघडला. मला रडू आलं, काकांनी न बोलता पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पट्टी कुठली?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. फोनमध्ये मामाचं एक रेकॉर्डिंग होतं, गॅलरीत झाडांना पाणी घालताना गुणगुणतोय, ते ऐकवलं. काकांनी तीनदा ऐकलं आणि म्हणाले, "काळी एक, पण किंचित उतरलेली." मग पेटीला न जुळवता त्या आवाजालाच जुळवून दिला.

खर्च ४,२०० रुपये आला, तारांचा नवा संच धरून. हे काम बघता कमीच आहे. वेळ मात्र लागतो: तीन आठवडे सांगितले होते, सहा लागले, आणि काका कामात असले की फोन उचलत नाहीत. घाई असेल तर नेऊ नका. जिना अरुंद आहे, तंबोरा उभा धरून चढवावा लागतो, भोपळा सांभाळा. गाडी लावायला जागा नाही, रिक्षानं जा. शक्यतो सकाळी अकराच्या आत, तेव्हा गल्ली शांत असते आणि त्यांनी लावलेली तार नीट ऐकू येते.