बबल एअर बेड: वस्तू चांगली, दुकानदाराची हमी खोटी

नागपुरात धंतोलीत काय किंवा मेडिकल चौकात काय, सर्जिकलच्या दुकानात ‘पेशंट घरी नेतोय, उठता येत नाही’ म्हटलं की काउंटरवर पहिला खोका एअर बेडचा येतो, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा (बेडसोर) टाळायला वापरायच्या हवेच्या गादीचा. सोबत हमी असते, ‘हा टाकला की कूस बदलायची कटकट नाही.’ बेड जरूर घ्या, हमी दुकानातच ठेवा.

यातले फुगे दोन गटांत असतात. पंप आळीपाळीने एक गट फुगवतो, दुसरा सोडतो, म्हणजे एकाच जागी सलग दाब राहत नाही. पण माकडहाड, खुबा, टाच इथे हाड कातडीला लागूनच असतं, तिथे एवढ्याने भागत नाही. दर 2 तासांनी कूस बदलायचीच, तीही पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंश कलती. पूर्ण कुशीवर केलं तर सगळा भार खुब्यावर येतो. उशी टाचेखाली नको, पोटरीखाली द्या. टाच अधांतरी राहिली पाहिजे. पेशंटला वर घेताना बगलेत हात घालून ओढू नका. खालची आडवी चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून उचला, ओढण्यानेच कातडी सोलते.

बेड नेहमीच्या गादीवरच अंथरायचा, नळ्या पायाकडे, टोकाच्या पट्ट्या गादीखाली खोचून. पंपावरचा दाबाचा नॉब आधी पूर्ण वर ठेवून फुगवा, पेशंट झोपवल्यावर वजनाप्रमाणे कमी करा. मग तळहात वर करून एअर बेड आणि गादी यांच्यामध्ये, बरोबर माकडहाडाखाली सरकवा. हात आणि हाड यांच्यात इंचभर तरी फुगीर थर लागला पाहिजे. हाड हाताला टेकलं, तर दाब कमी आहे. वर एकच सुती चादर. घरोघरी मात्र रबरशीट, त्यावर घडीची गोधडी, त्यावर चादर! मग फुग्यांचे पैसे कशाला दिले?

खरा दोष नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कळतो. प्लास्टिक घाम शोषत नाही, त्यात कूलरची दमट हवा, पाठ ओलीच राहते आणि ओली कातडी लवकर सोलते. कोमट पाण्याने पुसून, न घासता टिपून कोरडी करा. पावडरचे थर नकोत, घामात गोळे होऊन तेच टोचतात. स्पिरिटने कातडी कोरडी पडून तडकते. लघवी-संडास लागते तिथे झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा.

कूस बदलताना पाठ बघायचीच. लाल जागा बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढुरकी पडली तर कूस बदलून दाब काढा, पुढच्या वेळी पुन्हा बघा. लालच राहिली तर बेडसोर सुरू झाला समजा. ती जागा चोळायची नाही, त्यावर झोपवायचं नाही. सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही. तिथे हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागेल, नाहीतर काळपट दिसेल. लकवा किंवा जुनी शुगर असेल तर पेशंटला दुखतही नाही, तो सांगेल म्हणून थांबू नका.

लाईन गेली की फुगे हळूहळू बसतात. पंपाला वीज फार कमी लागते, इन्व्हर्टरच्या प्लगवर खुशाल चालतो. तो पलंगाच्या पायथ्याला टांगा; जमिनीवर ठेवला तर फरशी पुसताना पाणी जातं. नळीला पीळ पडला की एक गट फुगतच नाही आणि पंप मात्र घुरघुरत राहतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

पेशंट वजनदार असेल किंवा जखम आधीच उघडी असेल, तर बबल नको, जाड नळ्यांचा ट्यूब बेड बघा आणि जखम डॉक्टरांना दाखवा. भाड्याने घेणार असाल तर दुकानातच पंप लावायला सांगा, पंधरा-वीस मिनिटं थांबून दोन्ही गट पाळीने फुगतात का ते बघा आणि फुग्यांच्या जोडांवरून ओला हात फिरवा. हवा गळते ती बहुधा तिथूनच.