ओळंबा की उभ्याने एक्स-रे?

आजोबा पुढे झुकायला लागले, की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या घरांत लगेच एक्स-रेची घाई. आधी गवंड्याचा ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, लावा! बाजूने बघायचं, दोरी घोट्याच्या किंचित पुढे. कान, खांदा, खुबा त्याच रेषेत हवेत. खर्च नाही, पण मणके दिसत नाहीत.

एक्स-रेला उभंच राहायचं, बोटं कॉलरबोनवर टेकवून. हात लोंबते ठेवले तर मणके झाकले जातात. मानेच्या सातव्या मणक्यातून खाली सोडलेली रेषा त्रिकास्थीच्या (कण्याच्या तळाच्या हाडाच्या) वरच्या-मागच्या कोपऱ्याच्या ५ सेंमीहून पुढे पडली, तर तोल बिघडलाय असं धरतात. पण गुडघे वाकवले की हा आकडा उगाच चांगला येतो. ओळंब्याजवळ ती लबाडी लपत नाही. म्हणून घरी ओळंबा, आणि एक्स-रे डॉक्टर म्हणतील तेव्हाच.