पेन्शन विकावी की पूर्ण घ्यावी? पेव आणि दळण

नोकरीच्या शेवटच्या वर्षी स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी विचारायचंच, "काय गुरुजी, पेन्शन विकणार का ठेवणार?" महिन्याच्या पेन्शनमधला काही हिस्सा सोडून त्याच्या बदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे, असा तो प्रकार. कागदोपत्री याला निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण म्हणतात, पण बोलताना सगळे 'विकणं'च म्हणतात. मी २०२४ ला अठ्ठावन्न पूर्ण करून सुटलो आणि जास्तीत जास्त विकता येते तेवढी, म्हणजे ४० टक्के, विकली. माझे थोरले साडू अंबाजोगाईला असतात, तेही मास्तर. माझ्या तीन वर्षं आधी सुटले आणि त्यांनी एक रुपयाची पेन्शन विकली नाही. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी राज्याच्या नोकरीला लागलेल्या, जुन्या पेन्शनवाल्यांपुढे हा प्रश्न येतो. त्यातले जे अजून सुटायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी आकडे. मूळ पेन्शन ४०,००० धरू. ४० टक्के विकली म्हणजे महिन्याचे १६,००० सोडले. अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटणाऱ्याला पुढच्या वाढदिवसाच्या वयाचा, म्हणजे ५९ चा गुणक लागतो, ८.३७१. सोळा हजार गुणिले बारा गुणिले तो गुणक, झाले १६,०७,२३२ रुपये. एकरकमी, आणि सरकारी माणसाला त्यावर आयकर नाही. महिन्याची पेन्शन उरते २४,०००, पण महागाई भत्ता मूळ ४०,००० वरच मिळतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. भत्ता ५० टक्के धरला तर विकणाऱ्याच्या हातात ४४,००० आणि न विकणाऱ्याच्या हातात ६०,०००. पंधरा वर्षांनी विकलेला हिस्सा परत चालू होतो. तोवर सोळा-सोळा हजार करून २८,८०,००० कापले गेलेले असतात.

हा शेवटचा आकडा बघून माणूस दचकतो. मीही दचकलो होतो. पण व्याज धरून मांडलं तर सरकारने तुम्हाला साधारण पावणेनऊ टक्क्यांनी कर्ज दिल्यासारखं आहे. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. विकलेले सोळा लाख तिथे ठेवले तर तिमाहीला तेहेतीस हजारांच्या आसपास, म्हणजे महिन्याला अकरा हजार येतात, आणि मुद्दल शाबूत राहते. सोडलेले सोळा, आलेले अकरा. वरच्या पाच हजारांच्या बदल्यात पंधरा वर्षांनी सोळा लाख हातात. घासाघीस केली तरी फरक थोडाच निघतो. म्हणजे गणित इथे निकाल देत नाही. पैसा कसा आला की तुम्ही आणि तुमची माणसं कशी वागता, त्यावर सगळं येऊन थांबतं.

लहानपणी आमच्या वाड्यामागे ज्वारीचं पेव होतं, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचं, विझला तर थांबायचं. पण मला आठवतो तो वास. दाबून राहिलेल्या ज्वारीचा उग्र वास गल्लीभर जायचा आणि दुपारपर्यंत ओसरीवर सूप-पाटी घेऊन चारजणी बसलेल्या असायच्या. कुणाला नाही म्हणणार? पेव तर उघडं दिसतंय.

माझे सोळा लाख तसेच उघडे पडले. खात्यावर जमा झाल्याचं मी फक्त बायकोला सांगितलं होतं. आठ दिवसांत लेकाचा पुण्याहून फोन, फ्लॅटच्या डाउन पेमेंटला सात कमी पडतायत. मग धाकट्या भावाचं शेत. पहिल्या बोअरला सहाशे फुटांवर नुसता फुफाटा, दुसऱ्याला तेच, तिसऱ्याला ओल लागली. केसिंग, मोटार, केबल धरून तीन लाख. भाचीच्या लग्नाला दीड लाख 'उसने'. राहिलेले साडेचार पोस्टात आहेत. यातलं काहीच वावगं नव्हतं, कुणी फसवलं नाही. फक्त त्यातला एक रुपया आम्हा दोघांवर खर्च झाला नाही.

साडूंकडेही माणसं जातात. ते म्हणतात, "अहो, महिन्याला येतंय तेवढंच हाय. पुढल्या महिन्यात बघू." भाचीला पाच हजारांचा आहेर केला आणि मोकळे झाले. पण मला खरं नवल वाटतं ते त्यांच्या हाताचं. मे महिन्यात केशर आंब्याची पेटी येते, मेहुणीबाईंना फिजिओथेरपीला रिक्षानं नेतात, वर्षातून एकदा दोघं कुठंतरी जाऊन येतात. महिनाअखेरीला खातं जवळपास रिकामं, तरी चेहरा प्रसन्न. एक तारखेला परत भरणार असतं ना. आणि मी, खात्यावर लाखांत रक्कम असलेला माणूस, मोंढ्यात कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी भांडतो.

याला बहात्तरचा दुष्काळही कारण असेल. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. शाळेत सुकडी मिळायची, घरी मिलोच्या तांबड्या भाकरी, आई खडी फोडायला जायची. आमच्या वयाच्या मराठवाड्यातल्या माणसाला साठवलेल्याला हात लावताना चोरी केल्यासारखं वाटतं. दळणाचं तसं नसतं. रोजचं दळण रोज खायचंच असतं. साडू तर माझ्याहून मोठे, दुष्काळ त्यांनी जास्त समजून पाहिलाय. फक्त त्यांच्याकडे साठाच नाही, म्हणून जपायचंही ओझं नाही.

न विकण्याची अडचणही सांगतो. मागच्या वर्षी मेहुणीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा साडूंची धावपळ झाली. ग्रॅच्युइटीची एफडी मुदतीआधी मोडावी लागली, शिवाय लेकीकडून लाखभर घेतले. एकरकमी खर्चाला दळण पुरत नाही.

तर कुणी विकावी? अंगावर दहा-बारा टक्क्यांचं कर्ज असेल त्यानं जरूर. ते फेडून पावणेनऊ टक्क्यांचं घेतल्यासारखं होतं. तब्येतीचा भरवसा नसेल त्यानंही. विकल्यामुळे मागे राहणाऱ्या जोडीदाराचं कुटुंब निवृत्तिवेतन कमी होत नाही आणि उरलेल्या वर्षांची वसुली घरच्यांकडून होत नाही. प्लॉट, बोअर, लेकाचा फ्लॅट यांसाठी मात्र विकू नये असं माझं स्पष्ट मत झालंय. आणि ४० हा कमाल आकडा आहे. अर्जात १० किंवा १५ लिहिता येतं. मला हे कुणी सांगितलंच नाही, सांगितलं असतं तर मी दवाखान्यापुरते पंधरा लिहिले असते.

विकलीच तर पैसे येताच हलवा. साठ पूर्ण नसले तरी निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत पोस्टातलं ज्येष्ठांचं खातं उघडता येतं, ३० लाखांपर्यंत. पाच वर्षं अडकतात, मोडलं तर कापतात. ते कापणंच नातेवाइकांना सांगायला कामाला येतं. दीड-दोन टक्के जास्त देणाऱ्या मल्टिस्टेट पतसंस्थांकडे बघूही नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, आणि ठेवी अडकलेले म्हातारे बीडमध्ये शोधावे लागत नाहीत.

परवा साडू आले होते. हिशेबाची वही बघून म्हणाले, "गुरुजी, पेव उघडलं की उंदरालाबी वास लागतो." माझी विकलेली पेन्शन परत चालू होईल तेव्हा २०३९ उजाडलेलं असेल, मी त्र्याहत्तर वर्षांचा. भावाच्या तिसऱ्या बोअरला सध्या इंचभर पाणी आहे.