१०८ रुग्णवाहिका: घरीच ठेवलेल्या पेशंटच्या किती कामाची?

अपघात, बाळंतपण, छातीतली कळ यासाठी १०८ कशी आहे, हा इथला विषय नाही. प्रश्न वेगळा आहे. कॅन्सरची ट्रीटमेंट थांबलेली, पेशंट लालबागच्या चाळीत नाहीतर गोवंडीच्या एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगमध्ये घरीच, आणि रात्री दोनला श्वास लागलाय. अशा वेळी ही गाडी काय देते?

आधी गाडीत कोण असतं ते बघू. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनी सुरू झाली: २३३ अ‍ॅडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक. पैसे लागत नाहीत. गाडीत पॅरामेडिक (डॉक्टर नसलेला, पण तातडीच्या मदतीचं ट्रेनिंग घेतलेला कर्मचारी) नाही, डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस. ड्रायव्हरला पायलट म्हणतात. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात २०१५ पासून पॅरामेडिकना पॅलिएटिव्हचं, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करण्याचं, खास ट्रेनिंग आहे. ते घरी येतात, दुखणं उतरवतात आणि पेशंटला घरीच ठेवून परत जातात. आपल्याकडे पदवी त्यांच्याहून मोठी आणि मोकळीक त्यांच्याहून कमी. सगळी रचनाच ‘स्थिर करा आणि जवळच्या हॉस्पिटलला न्या’ अशी. डॉक्टर चांगला भेटला तरी ही चौकट बदलत नाही.

म्हणून फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा: कॅन्सरचा पेशंट आहे, ट्रीटमेंट बंद आहे, घरीच ठेवायचं आहे, श्वासासाठी मदत हवी. नुसतं ‘श्वास लागलाय’ म्हटलंत तर गाडी न्यायच्याच तयारीनं येणार. मजला, लिफ्टची रुंदी आणि गल्लीच्या तोंडाची खूण त्याच फोनवर सांगा. छोट्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. मग चादरीची झोळी करून चौघं जण जिना उतरतात, आणि इथेच घोळ होतो. मणक्यात किंवा मांडीच्या हाडात गाठ पसरलेली असेल तर झोळीत पाठीची कमान होते, हाड तिथेच मोडू शकतं. स्पाइन बोर्ड (सपाट कडक फळी) किंवा स्कूप स्ट्रेचर (दोन बाजूंनी अंगाखाली सरकवून जोडायचं) मागा, पट्टे बांधायला लावा. मॉर्फिन चालू असेल तर हलवायच्या अर्धा तास आधी जादा डोस तोंडानं द्या. गोळीला असर करायला तेवढा वेळ लागतोच.

श्वासाचं बघू. डॉक्टर बोटाला ऑक्सिमीटर लावेल. ९० च्या वर असेल तर ऑक्सिजननं फारसा फरक पडत नाही. उशा लावून बसतं करणं, खिडकी उघडणं, गालावर टेबलफॅनचा वारा सोडणं याचा जास्त उपयोग होतो. नातेवाइकांना हे खोटं वाटतं. नळी लागली नाही म्हणजे काहीच केलं नाही, असा समज. ९० च्या खाली असेल तर घरातलाच कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) लावा, पण वीज गेली की तो गप्प. जोडीला बी-टाइप सिलिंडर हवाच. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतात, मिनिटाला २ लिटर धरले तर बारा तास निघतात. पाना कुठे ठेवलाय ते घरात एकाला तरी माहीत असू द्या.

घरघर लागली की घरचे घाबरतात आणि गाडीतलं सक्शन मशीन पुढे येतं. घशात खोल नळी घातली तर पेशंट गुदमरतो आणि पाणी पुन्हा जमतं. कुशीवर वळवा, उशी खांद्याखाली घ्या, तोंडातलं दिसेल तेवढंच कापसानं टिपा. हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मिलिग्रॅम त्वचेखाली लवकर दिलं तर पुढचं साचणं कमी होतं, आधीच साचलेलं जात नाही. शेवटच्या टप्प्यात ही घरघर पेशंटपेक्षा ऐकणाऱ्यांना जास्त छळते.

मुंबईत तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट भरपूर, त्यामुळे जखमेतून रक्त येण्याचा प्रसंग ओळखीचा. रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडची ५०० मिलिग्रॅमची गोळी कुटून ओल्या गॉजवर पसरा आणि दहा मिनिटं न उचलता दाबा. मिनिटामिनिटाला उचलून बघितलं की रक्त परत सुरू. गडद रंगाचे टॉवेल काढून ठेवा, पांढऱ्या चादरीवर वाटीभर रक्त बादलीभर दिसतं.

मॉर्फिन गाडीत मिळेल असं गृहीत धरू नका. एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनं मान्यताप्राप्त संस्थांना ते देणं सोपं झालं, पण साठा तुमच्याच डब्यात हवा. जादा डोसचा हिशोब दिवसाच्या डोसच्या एक षष्ठांश. दर चार तासांनी १० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला ६०, म्हणून जादा डोस १०. हे फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा, नाहीतर नवखा डॉक्टर बारीक बाहुल्या बघून ओव्हरडोस समजतो. मॉर्फिनवरच्या माणसाच्या बाहुल्या बारीकच असतात. श्वास मिनिटाला आठच्या वर आणि हाकेला ओ येत असेल तर नॅलोक्सोनची (मॉर्फिनचा असर उतरवणाऱ्या इंजेक्शनची) गरज नाही. द्यावंच लागलं तर ०.४ मिलिग्रॅमचं अँप्युल १० मिलीत पातळ करून दर दोन मिनिटांनी अर्धा ते एक मिली. अख्खं अँप्युल एकदम गेलं तर दुखणं एका झटक्यात परत येतं आणि तासन्‌तास आटोक्यात येत नाही.

सगळ्यात कच्चा दुवा कागदाचा. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये लिव्हिंग विल (शेवटी कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) मान्य केलं आणि २०२३ मध्ये सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण ते अमलात येतं हॉस्पिटलच्या दोन वैद्यकीय मंडळांमार्फत. जिन्यात उभ्या असलेल्या डॉक्टरला त्या कागदाचा फारसा आधार नाही. श्वास थांबल्यावर १०८ बोलावलीत तर छाती दाबली जाणार (सीपीआर) हे धरूनच चाला. अपेक्षित मृत्यू असेल तर फोन होमकेअरच्या नाहीतर फॅमिली डॉक्टरला करा. मृत्यूच्या कारणाचा ४ए फॉर्म शेवटच्या आजारात बघणाऱ्या डॉक्टरनंच द्यायचा असतो. तसा कोणीच नसेल तर स्मशानात अडतं आणि प्रकरण पोलिसांकडे जातं. त्यामुळे शेवटच्या महिन्यात डॉक्टरची एक तरी घरभेट झालेली असू द्या.

आणि बेलाशक १०८ कधी लावायची? पाठ दुखत होती आणि आज अचानक पाय उचलत नाहीत, लघवी अडली, तेव्हा. मणक्यातला मज्जारज्जू दाबला जातोय, तासांचा प्रश्न आहे. फाइल परळला टाटा मेमोरियलमध्ये आणि गाडी जवळच्या सरकारी हॉस्पिटलला, असं होऊ नये म्हणून निघण्याआधीच बोला. कॅथेटर तुंबणं, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) निघणं हे मात्र होमकेअरच्या सिस्टरचं वीस मिनिटांचं काम. टाटा मेमोरियलची घरभेटीची टीम आहे. घरी झेपेनासं झालं तर वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. नाव नोंदवायचं ते धावपळ सुरू होण्याआधी.

एकूण १०८ ला गुण: हॉस्पिटलला न्यायला पाचपैकी चार. घरीच ठेवून आराम द्यायला दोन, आणि ते दोन आलेल्या डॉक्टरच्या स्वभावावर. खासगी गाडी बोलावणार असाल तर भाव ठरवायच्या आधी दोन गोष्टी विचारा: मागे बसणारा नर्स आहे की नुसता हेल्पर, आणि सिलिंडरचा काटा आत्ता कितीवर आहे.